दूरदर्शनसंच बिघडला म्हणजे

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानसें संकट उद्भवलें. वारीचें दर्शन घेण्यासाठीं वहिनी सायंकाळीं टीव्हीसमोर बसल्या. टाळमृदंगाचा घोष ऐकूं येऊं लागला, पण पडदा मात्र काळाठिक्कर! ‘पडदा गेला, आतां नवा संच घ्यावा हेंच बरें,’ असा निर्णय पुतण्यानें तत्काळ दिला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु तो संच कैलासवासी दादांनीं त्यांच्यासाठीं घेतलेला होता, हें मला ठाऊक होतें.

लहानपणीं पाठशाळेंत शिकलेला अन्वयव्यतिरेकाचा नियम या वेळीं उपयोगीं पडला. एक गोष्ट असतां काय होतें व नसतां काय होतें, हें पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये. खोलींत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर जवळून तिरपा टाकला, तों वारकऱ्यांच्या अंधुक आकृती हालतांना दिसल्या! हल्लींच्या बहुतेक सपाट संचांत पडदा स्वतः प्रकाश देत नाहीं; मागें बसविलेल्या एलईडी दिव्यांच्या उजेडांत तो चित्र दाखवितो. आमच्याकडे चित्र होतें, उजेड नव्हता. कारागिरानें दिव्यांच्या पट्ट्या बदलल्या आणि एकादशीपूर्वीं संच पूर्ववत् झाला.

या अनुभवावरून गृहस्थांनीं पुढील क्रम ध्यानांत ठेवावा.

संच मुळींच सुरू होत नसेल, तर त्याच सॉकेटांत दुसरा दिवा लावून वीज येते कीं नाहीं, तें प्रथम पाहावें. येत असेल तर संचाचा प्लग काढावा, त्यावरील बटण अर्धा मिनिट दाबून धरावें व मग प्लग पुनः जोडावा. पुष्कळदां एवढ्यानेंच भागतें.

रिमोटविषयीं शंका आल्यास तो मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण तेथें जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. न दिसल्यास सेल बदलावेत. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटास मात्र ही परीक्षा लागू नाहीं.

‘नो सिग्नल’ हीं अक्षरें दिसलीं म्हणजे पडदा शाबूत आहे, असें समजावें. दोष सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय केबल किंवा चुकून बदललेलें इनपुट यांत शोधावा. मुसळधार पावसांत गच्चीवरील डिशकडे येणाऱ्या लहरी क्षीण होतात. तेव्हां धीर धरणें हाच उपाय.

पडद्यावर रेघा उमटत असतील, तर संचाचाच मेनू उघडावा. त्यावरही रेघा असल्या तर दोष संचांत. मेनू स्वच्छ असला तर दोष बाहेर.

दोन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. मागचें झांकण उघडूं नये. प्लग काढल्यावरही आंतील कपॅसिटरांत वीज सांठून राहूं शकते. दुसरें, थाप मारूं नये. १९७२ सालीं मुंबई केंद्र सुरू झालें, त्या काळच्या पेटीवजा संचांनीं आमच्या पुष्कळ थापा सोसल्या. हा नाजुक पडदा एका थापेंत तडकेल.

खोडी कोणी काढली हें न पाहतां छडी उगारणारा मास्तर आणि दोष कोठें आहे हें न तपासतां संच भंगारांत घालणारा गृहस्थ, हे दोघेही एकाच माळेचे मणी. आधीं निदान, मग शासन!