बाजारातल्या तुरी

‘एन्रॉन’ हे नाव मराठी घराघरांत पोचले ते गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे. १९९५ साली राज्य सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये तो नव्याने झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंदही पडला. ती महागडी वीज वीज मंडळाला पेलेना, एवढे आपल्याला ठाऊक. पण त्याच वर्षी २ डिसेंबरला ह्यूस्टनच्या मूळ कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला! एवढा मोठा वाडा कोसळला तरी कसा?

उत्तर आपल्या जुन्या म्हणीत आहे : बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अनेक वर्षांचा करार आज झाला, की पुढच्या साऱ्या वर्षांच्या नफ्याचा अंदाज बांधायचा आणि तो आजच्याच वहीत जमा दाखवायचा, अशी एन्रॉनची रीत. पैसा अजून यायचाच असे! तोटा आणि कर्ज मात्र आपणच उभ्या केलेल्या दुसऱ्या संस्थांच्या नावावर टाकायचे. त्यांतल्या अनेक संस्थांना आधार कसला, तर एन्रॉनच्याच शेअरचा. शेअर चढता होता तोवर सारे झाकले गेले. तो उतरू लागला आणि झाकण उडाले. हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या नामांकित संस्थेने या वह्यांवर शिक्कामोर्तब केले होते. पुढे तिच्याच कचेरीत एन्रॉनची कागदपत्रे फाडली गेली. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरला पोचलेला शेअर पंधरा महिन्यांत एका डॉलरच्याही खाली आला.

हे आकडे मोठ्यांचे. सामान्य नोकरदाराचे काय? हजारो कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या पुंजीचा मोठा भाग कंपनीच्याच शेअरमध्ये होता. वरिष्ठांनी आपले शेअर वेळीच विकून कोट्यवधी डॉलर गाठीला बांधले होते. खालच्यांना मात्र, भाव घसरत असतानाच, योजनेची व्यवस्था बदलायची म्हणून काही दिवस विक्रीची मुभा नव्हती. नोकरी गेली आणि म्हातारपणची तरतूदही तिच्याबरोबरच गेली.

२००६ मध्ये केनेथ ले आणि जेफ्री स्किलिंग हे प्रमुख दोषी ठरले. ले शिक्षा होण्याआधीच वारले. स्किलिंग २०१९ पर्यंत कैदेत होते. न्याय झाला म्हणायचा. पण आयुष्यभर साठवलेली पुंजी त्याने पुरती परत आली नाही.

कंपनी कितीही नावाजलेली असो, ज्या घरचा पगार त्याच घरी सारी पुंजी ठेवू नये. आणि तुरी घरात येईपर्यंत डाळ शिजत घालू नये!