दहा मिलिग्रॅमचा उंबरठा

चाळीसवरून पस्तीस, पस्तीसवरून तीस. दर आठवड्याला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची पाच मिलिग्रॅमची एक गोळी कमी होते आणि घरच्यांना हायसं वाटतं. भूक लागते, वजन भरतं. मग पंधरा-दहाच्या आसपास ओटीपोटात उजवीकडे तीच ओळखीची कळ उठते, जुलाब लागतात आणि गोळ्या पुन्हा चाळीसवर!

आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्स डिसीजमधल्या या फेऱ्याला डॉक्टर ‘स्टेरॉइड-अवलंबित्व’ म्हणतात. तीन महिन्यांत डोस दहा मिलिग्रॅमच्या खाली आणता आला नाही, किंवा स्टेरॉइड थांबवल्यावर तीन महिन्यांत आजार उलटला, तर हे नाव लागतं. यात रुग्णाचा हलगर्जीपणा नसतो. स्टेरॉइड सूज झपाट्याने उतरवतं, पण ती उतरलेली ठेवणं त्याला जमत नाही. दरम्यान चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. वैतागून गोळ्या एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं, कारण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी तोवर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायला विसरलेल्या असतात.

म्हणून दुसरं औषध लागतं. अझाथायोप्रिन स्वस्त, पण भलतंच संथ. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर स्टेरॉइडचा आधार हळूहळू काढायचा. एनयूडीटी१५ या जनुकातला एक बदल आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर या औषधाने कंगव्यात केसांचे पुंजके येतात, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या रक्ततपासण्या त्यासाठीच असतात.

आणखी एक पर्याय म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबचं इंजेक्शन. दोन्हींची तुलना करणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॉनिक’ या चाचणीत ५०८ रुग्ण होते. २६ आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय आजार आटोक्यात असलेले रुग्ण एकट्या अझाथायोप्रिनवर ३० टक्के, इन्फ्लिक्सिमॅबवर सुमारे ४४ आणि दोन्ही मिळून सुमारे ५७ टक्के निघाले.

आपल्याकडे मात्र घोडं अडतं ते टीबीपाशी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून जुळ्या भावांसारखे दिसतात. त्यामुळे अनेकांचा टीबीचा कोर्स आधीच होऊन गेलेला असतो. शिवाय इन्फ्लिक्सिमॅब शरीरात दबून बसलेला टीबी जागा करू शकतं. म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी आधी, इंजेक्शन नंतर.

डोस उतरवताना दुखणं कितव्या मिलिग्रॅमला परतलं, ते तारखेसह लिहून ठेवा. जुनी चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जाऊ नका. ही नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.