गेलेली वाणी

नाशकांत पंचवटींतील आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस पक्षाघातानंतर वाचाघात झाला. रामरक्षा अस्खलित म्हणत, पण पाणी मागतां येईना. घरच्यांस हें ढोंगच वाटलें! वस्तुतः पाठ असलेलें म्हणणें निराळें आणि मनांतलें शब्दांत मांडणें निराळें. १८६१ सालीं पॅरिस येथें डॉ. ब्रोका यांनीं तपासलेला रोगी ‘टॅन’ एवढेंच बोले, तरी ऐकलेलें पुष्कळसें त्यास समजे. म्हणून चित्रांतील हत्ती-घोडे ओळखावयास लावण्यापूर्वीं उपचारकानें खुणांनीं, चित्रांनीं रोग्यासच विचारावें, आपणांस काय बोलावयाचें आहे? आमच्या स्नेह्यांनीं नातीच्या छायाचित्रावर बोट ठेवलें. तेव्हां तिच्या नांवापासूनच आरंभ झाला. तें नांव उमटावयास तीन आठवडे लागले. तेव्हांपासून सूनबाई त्यांचें वाक्य स्वतः पुरें करीत नाहींत, थांबतात.