बुडबुड्यांचा हिशेब

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्याकोऱ्या बॅटरीवर दाखवून दिलं. सव्वादोनशे वर्षं उलटली, पण त्या प्रयोगातली एक अडचण अजून पुरती सुटलेली नाही. तयार झालेला वायू चटकन जागा सोडत नाही.

हायड्रोजनच्या कारखान्यातली निकेलची जाळी जवळून पाहिली तर हे कळतं. जाळीच्या एखाद्या खाचेत इवलासा बुडबुडा धरतो, फुगत जातो, पृष्ठताणामुळे तिथेच चिकटून राहतो आणि पुरेसा मोठा झाल्यावरच सुटतो. तोवर त्याच्याखालचा धातू बिनकामाचा. सुटलेल्या बुडबुड्यांची द्रावणात दाटी झाली की विजेची वाटही अडते. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात मात्र १.८ ते २ व्होल्ट लावावे लागतात. या जादा खर्चाचं मोठं कारण अभिक्रियेचा स्वतःचा संथपणा. पण बुडबुड्यांचा वाटाही त्यात आहेच.

मग जाळीला हादरे द्यावेत, ही कल्पना साहजिक आहे. सराफाकडे दागिने धुण्याचं यंत्र असतं, ते याच तत्त्वावर चालतं. माणसाला ऐकू न येणारी, २० किलोहर्ट्झच्या वरची कंपनं द्रवात सोडली की सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि क्षणात मिटतात. त्यांच्या धक्क्याने चिकटलेला वायू निघतो, द्रवही घुसळला जातो. प्रयोगशाळेत याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

पण इथे फॅरडेचा नियम विसरून चालत नाही. ठरावीक विद्युतभारातून ठरावीकच हायड्रोजन मिळतो. कंपनांनी त्यात रेणूभरही वाढ होत नाही. वाचतात ते फक्त व्होल्ट. ०.१ व्होल्ट वाचला, तर एक किलो हायड्रोजनमागे साधारण २.७ युनिट वीज वाचते. एका किलोला ५० ते ५५ युनिट लागतात, त्यामुळे ही बचत क्षुल्लक नाही. आता घरगुती प्रयोगाचं गणित मांडू. समजा सेलमधून १० अँपिअर वाहतात आणि कंपनांमुळे ०.१ व्होल्ट कमी लागला, तर बचत झाली एक वॉट. त्यासाठी शेजारी कंपनं निर्माण करणारा ५० वॉटचा ट्रान्सड्यूसर चालत असेल, तर ४९ वॉटचा तोटा. बुडबुडे भराभर सुटताना पाहून हरखून जाणारे अनेक जण ट्रान्सड्यूसरचं हे दुसरं मीटर बघतच नाहीत. आणि एक कळकळीचं सांगणं: हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दोन्ही वायू एकाच नळीतून गोळा करण्याचे प्रयोग घरात करू नयेत.

म्हणूनच मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने २०२२ च्या अखेरीस जाहीर केलेला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे १० मेगाहर्ट्झची, म्हणजे सोनोग्राफीत वापरतात तेवढ्या वारंवारतेची कंपनं वापरली. त्यांनी बुडबुडे तर हटलेच, पण पाण्याच्या रेणूंची एकमेकांत गुंतलेली वीणही इलेक्ट्रोडजवळ सैल झाली आणि अभिक्रियेला मोकळे रेणू मिळाले, असं संशोधकांचं म्हणणं आहे. विद्युत प्रवाह सुमारे १४ पट वाढला आणि कंपनांचा खर्च वजा जाता ऊर्जेची निव्वळ बचत २७ टक्के झाली. यातला १४ हा आकडा मथळ्यांत गाजला. खरं मोल २७ चं आहे, कारण त्यात दोन्ही मीटर धरलेले आहेत.

तरीही ही तुलना उदासीन द्रावणातली, जिथे मुळात अभिक्रिया फार रेंगाळते. कारखान्यातल्या तीव्र अल्कली द्रावणाशी ती थेट लावता येणार नाही. उलट फायदा असा की दाहक रसायनं टळतात, आणि प्लॅटिनम, इरिडियमऐवजी चांदीसारखा स्वस्त धातू चालू शकतो.

पुढचा पेच आकाराचा. कारखान्यात शेकडो सेल एकमेकांना खेटून बसवलेले असतात. त्या थप्पीतून ध्वनी जाताना काही ठिकाणी तो जोरकस होतो, काही ठिकाणी जवळजवळ विरतो. कमी वारंवारतेला पोकळ्या मिटण्याच्या धक्क्याने उत्प्रेरकाचा थरच झिजू शकतो. चालू इलेक्ट्रोलायझरमध्ये ही कंपनं कशी बसवायची, हेच पुढचं काम असल्याचं आरएमआयटीच्या गटाने तेव्हाच सांगितलं होतं.