गाडीतला गॅस द्रवरूप कसा राहतो?

परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तापमान त्याहूनही बरेच अधिक असते. अशा गाडीत एल.पी.जी.चा द्रव इंजिनापर्यंत द्रवरूपातच न्यायचा, ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही.

एल.पी.जी. म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. हवेच्या नेहमीच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला आणि ब्यूटेन सुमारे शून्य अंशाला उकळते. म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेही ते उघड्यावर द्रव राहणार नाही. टाकीत ते द्रव राहते ते दाबामुळे. हा दाब तापमानावर ठरतो: ४० अंशांना शुद्ध ब्यूटेनसाठी तो हवेच्या दाबाच्या चौपटीच्या आसपास, तर शुद्ध प्रोपेनसाठी सुमारे १४ पट असतो. मिश्रणाचा दाब या दोहोंमध्ये कुठेतरी पडतो.

भारतात मोटारीत हे इंधन वापरण्यास मुभा मिळाली ती २००० सालच्या कायदादुरुस्तीने. आपल्याकडे बसवलेल्या बहुतेक किटमध्ये इंजिनाच्या गरम पाण्यावर द्रवाची वाफ करतात आणि तो वायू हवेत मिसळतात. यात एक अडचण आहे. प्रोपेनचे पूर्ण ज्वलन होण्याजोग्या मिश्रणात सुमारे ४ टक्के जागा प्रोपेन वायूच व्यापतो. तेवढी हवा इंजिनात कमी जाते आणि ताकद घटते.

द्रव-इंजेक्शन पद्धतीत (नेदरलँड्समधील व्हिअले कंपनीचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते) द्रव थेट हवा आत नेणाऱ्या नळीत, झडपेजवळ फवारतात. तेथे त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. १ किलो प्रोपेनला सुमारे १५.७ किलो हवा लागते. बाष्पीभवनाची उष्णता किलोमागे ३५० किलोज्यूल धरली आणि ती सगळी हवेनेच दिली असे मानले, तर हवा सुमारे २२ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात काही उष्णता नळीच्या भिंती देतात. पण थंड हवा अधिक घन, म्हणून गमावलेली ताकद बरीचशी परत मिळते. दमट दिवसांत इंजेक्टरच्या तोंडाशी बर्फ धरू शकतो, त्यामुळे त्याच्या टोकाची रचना मुद्दाम तशी करावी लागते.

आता मूळ प्रश्न. वाटेत द्रव उकळला तर इंजेक्टरमधून द्रवाऐवजी बुडबुडे येतील आणि इंधनाचे माप चुकेल. म्हणून टाकीतच एक पंप बसवलेला असतो. तो द्रवाचा दाब टाकीतल्या दाबापेक्षा सुमारे ५ बारने वाढवतो. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर सरकतो, म्हणजे नळी तापली तरी द्रव उकळत नाही. याची उलट बाजू सिरिंजमध्ये दाखवता येते: थोडे गरम पाणी घ्यावे, तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्या मागे ओढावा. दाब घटताच पाणी उकळू लागते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

उरलेला द्रव दुसऱ्या नळीने टाकीत परततो. तो इंजिनाची उष्णता बरोबर आणतो, त्यामुळे टाकीतला दाब चढतो. भर दुपारी अशा गाडीत इंधन भरायला वेळ लागतो तो यामुळेच; सकाळी भरलेले बरे. गाडी बंद केल्यावरही इंजिनाची ऊब नळ्यांतला द्रव उकळवते. म्हणून पुन्हा सुरू करताना किल्ली फिरवून पंपाला काही सेकंद चालू द्यावे, बुडबुडे टाकीकडे निघून जातात.

देखभालीत पहिली गोष्ट म्हणजे टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण पंप थंड ठेवण्याचे काम तो द्रवच करतो. गाळणी ठरल्या वेळी बदलावी. गळती शोधायची तर साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून कधीच नाही. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तो दुरुस्तीच्या खड्ड्यात साचतो.

टाकी ८० टक्क्यांवर भरत नाहीत. १५ अंशांवरून ४५ अंशांवर जाताना द्रव प्रोपेन साधारण दहा टक्क्यांनी फुगते, त्यासाठी वर जागा लागते. अधिकृत पंपावर भरताना टाकीतली झडप प्रवाह आपोआप थांबवते. घरगुती सिलिंडरमधून चोरून भरणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय अशा कामासाठी झडप काढलेली किंवा निकामी केलेली असेल, तर टाकी तोंडापर्यंत भरते आणि उन्हात तापलेल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही.