‘सुधारणा आवश्यक’ म्हणजे नेमकं काय? प्रगतिपत्रकाची भाषा उलगडूया

आज बोलायचंय मुलांच्या प्रगतिपत्रकाबद्दल.

आमच्या आटपाडी तालुक्यात खरसुंडीच्या जत्रेला खिल्लार जनावरांचा बाजार भरतो. तिथं खोंड घेणारा माणूस आधी दात बघतो. ‘आदत’, ‘दोन दाती’, ‘चार दाती’, ‘जुळलेला’. एका शब्दात वय कळतं, पुढची बोली सुरू होते. आता त्याच माणसाच्या हातात पोरीचं प्रगतिपत्रक द्या. ‘उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होते. भाषिक अभिव्यक्ती समाधानकारक. वाचनात सुधारणा आवश्यक.’ श्रेणी ब-२. पोरीला वाचता येतं की नाही? ते काही कळत नाही.

ही भाषा आली कुठून? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आलं. त्यामागचा विचार चांगलाच होता. एका दिवसाच्या पेपरवरून मुलाला पास-नापास ठरवू नये, वर्षभर त्याच्याकडे बघावं. म्हणून गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेण्या आल्या. सोबत ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आले.

मूल्यमापनाचे भाग दोन. ‘आकारिक’ म्हणजे शिकता शिकता केलेलं: तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. ‘संकलित’ म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. तिसरी-चौथीला आकारिकाला ६० आणि संकलिताला ४० गुण.

इथं एक हिशोब करून बघा. समजा, चौथीतल्या एका मुलीला उपक्रम, प्रकल्प, वह्या मिळून आकारिकात ६० पैकी ५२ मिळाले. शेवटच्या परीक्षेत मात्र ४० पैकी १४ च. बेरीज ६६. श्रेणी ब-२. कागदावर पोरगी बऱ्यापैकी, आणि धडा मात्र तिला स्वतःहून वाचता येत नाही, असं होऊ शकतं. बरं, आपल्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात आहेत. पालकसभेला आजी जाते, प्रगतिपत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. तिकडून बाप म्हणतो, ‘ब आहे नव्हं? मग बरं हाय.’

मग गुरुजी स्पष्ट का लिहीत नाहीत? त्यांची बाजूही बघू. वर्गात २० मुलं आणि ८ विषय धरले, तर एका सत्रात १६० नोंदी होतात. दोनशिक्षकी शाळेत एकेकाकडे दोन-दोन वर्ग. शिवाय मुलाबद्दल वाईट लिहू नये, हा संकोच. मग तयार नोंदींच्या याद्या फिरतात आणि तीच वाक्यं तालुक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतात.

तरी या वाक्यांचा अर्थ थोडाफार लावता येतो. ‘मार्गदर्शनाखाली उदाहरणे सोडवते’ असं असेल तर एकटीला जमत नसण्याची शक्यता आहे. ‘वाचनाचा प्रयत्न करते’ म्हणजे बहुधा अजून वाचता येत नाही. ‘उपक्रमात सहभागी होते’ हे वाक्य वाचन-गणिताबद्दल काहीच सांगत नाही. आणि ‘अध्ययन निष्पत्ती’ हा जड शब्द म्हणजे त्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय काय करता यायला हवं, त्याची यादी. ती यादी गुरुजींकडे मागायला लाजू नका.

साधी भाषा वापरता येते, याचा पुरावा आहे. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. त्यात वाचनाच्या पायऱ्या अशा: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल यातल्या कुठल्या पायरीवर आहे, एवढंच सांगायचं. ही झाली ‘दोन दाती, चार दाती’ची भाषा. कुणालाही कळते आणि पुढं काय करायचं तेही कळतं.

हे आता का महत्त्वाचं? कारण २०१९ ला कायद्यात बदल झाला आणि महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणजे चौथीपर्यंत ‘समाधानकारक’ वाचत आलेल्या घराला पाचवीत एकदम धक्का.

म्हणून पुढच्या पालकसभेला तीन प्रश्न घेऊन जा. एक, माझं मूल आज एकटं काय वाचू शकतं, कुठलं गणित सोडवू शकतं? दोन, हे तुम्ही कशावरून म्हणता, वही दाखवता का? तीन, पुढच्या महिनाभरात घरी आम्ही काय करायचं? भांडायच्या सुरात विचारू नका. चांगल्या शिक्षकालाही हेच बोलायचं असतं, रकाना आडवा येतो.

आणि सभेची वाट बघायची नसेल, तर आज संध्याकाळीच मागच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक काढा. मधलंच एक पान उघडा, मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. मग हातच्याची एक वजाबाकी द्या. बाप परगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर ऐकू दे. दहा मिनिटांत जे कळेल, ते प्रगतिपत्रकाच्या रकान्यासमोर पेन्सिलीनं लिहून ठेवा. तेच घेऊन गुरुजींकडे जा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.