रुळांपुरता कायदा

पुस्तकांसाठी सुलतान बाजारात जाताना मला नेहमी वाटते, एकेकाळी इथे आपण परक्या कायद्याच्या हद्दीत शिरलो असतो! भूमी निजामाची, पण रेसिडेन्सीभोवतालच्या या बाजारात अंमल ब्रिटिश रेसिडेंटचा. रेल्वेच्या जमिनीवरही निजामाने इंग्रजांना अधिकार दिला होता. तो कितपत? शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटने लाचेच्या आरोपावरून वॉरंट काढले आणि निजामाचे प्रजाजन महंमद युसुफुद्दीन यांना हैदराबाद संस्थानातील रेल्वे स्टेशनवर पकडण्यात आले. १८९७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही अटक बेकायदा ठरवली. दिलेला अधिकार रेल्वेच्या कामापुरता. शिमल्याच्या लाचेचा रुळांशी काय संबंध? साम्राज्याच्याच न्यायपीठाने सरकारला अडवले, याचे मला कौतुक वाटते. रेसिडेन्सी बाजार मात्र निजामाकडे परतले १९३३ साली.